८ इंची एफ/२.९ पेंटॅक लेन्स जुन्या लाकडी हाफ प्लेट कॅमेऱ्यावर बसवायची आहे, कोल्हापुरात कुणी केलंय काय?

लालमाती | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एक लाकडी हाफ प्लेट फील्ड कॅमेरा हाताला लागलाय, लक्ष्मीपुरीतला एक स्टुडिओ बंद झाला त्यांच्या माळ्यावरचा. बेलोज (कॅमेऱ्याचा घडीचा भाता) धड आहेत (आत बल्ब लावून अंधारात बघितलं, एका घडीत बारीक भोक होतं ते बुजवलं), पितळेचं काम सुंदर, लाकडी होल्डर तीन, पण लेन्स गायब, पुढच्या पाटीला नुसतं गोल भोक. आणि माझ्याकडं मुंबईच्या चोरबाजारातनं आलेली एक डॉलमायरची पेंटॅक ८ इंची एफ/२.९ पडून आहे, वर मुकुट आणि ए.एम. (एअर मिनिस्ट्री) असा शिक्का, म्हणजे विमानातल्या कॅमेऱ्याची. दोघांचं लग्न लावायचंय.

शटर नाही. लेन्स किलोच्या वर जड आहे आणि कॅमेऱ्याचं पुढचं लाकूड नाजूक आहे. मला तालमीतल्या पैलवानांचे पोर्ट्रेट काढायचेत, फुल्ल ओपनवर (लेन्सचं भोक पूर्ण उघडं), डोळे शार्प आणि कान पण उडालेले, असा फोटो. डिजिटलवर ब्लर मारून हे होत नाही, बघितलंय करून. तर लेन्सबोर्ड (लेन्स धरणारी पुढची पाटी) कोण बनवून देईल, शटरचं काय करू, आणि आत फिल्म कसली घालू? ज्यांनी असलं काही केलंय त्यांनीच सांगा, "नवीन मिररलेस घे" वाले सल्ले नकोत.

वात्रट_पेठकर | रविवार, रात्री १०:३१

नवीन मिररलेस घे.

चष्मिस्ट | रविवार, रात्री ११:०५

वात्रटराव 😀

लालमाती, एक तांत्रिक अडचण आधीच सांगून ठेवतो. ही लेन्स ब्रिटिश हवाई दलाच्या एफ.२४ कॅमेऱ्यावर असायची आणि त्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह ५ बाय ५ इंच. म्हणजे कर्ण साधारण १८० एमएम. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, कर्ण २०४ एमएम. सरळ हिशोब, फोटोचे कोपरे काळे जाणार. त्यापेक्षा मागे ४ बाय ५ चं बॅक करून घे, १५३ एमएमचा कर्ण, आरामात बसेल. शिवाय एफ.२४ मध्ये फोकल प्लेन शटर (फिल्मलगत पडदा) होतं म्हणून लेन्सला शटर नाही, ते काय कुणी काढून घेतलेलं नाही.

पुण्यात एकाने हेच स्पीड ग्राफिकवर केलंय. त्या कॅमेऱ्यात मागे पडद्याचं शटर असतं, १/१००० पर्यंत जातं, सगळे प्रश्न एका झटक्यात सुटतात. लाकडी कॅमेऱ्याच्या नादी कशाला लागतोस असं माझं प्रामाणिक मत.

वात्रट_पेठकर | रविवार, रात्री ११:११

असल्या लष्करी लेन्स किरणोत्सर्गी असतात म्हणे. उशाला घेऊन झोपू नको.

अर्धी_प्लेट | सोमवार, सकाळी ६:५०

ती वेगळी. कोडॅकची एरो एक्टार, ७ इंची एफ/२.५, तिच्यात थोरियमवाली काच आहे, वय झालं की ती काच पिवळी-तपकिरी पडते आणि लोक उन्हात ठेवून ती उतरवतात. पेंटॅकचं डिझाइन १९२० च्या आसपासचं, पाच काचा तीन गटात, साधी जुनी काच. बिनधास्त उशाला घ्या, फक्त डोकं फुटेल.

लालमाती, तुमच्या पेंटॅकमध्ये पुढची आणि मागची जोडी कॅनडा बाल्समने चिकटवलेली असते. टॉर्च तिरका धरून कडेने बघा. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा चंद्रकोरीसारखा डाग दिसला तर बाल्सम सुटायला लागलंय. कडेलाच असेल तर काही बिघडत नाही, मध्ये आला असेल तर मग सांगा. आणि काही झालं तरी पितळी रिंग पकडीने फिरवू नका.

मी चाळीस वर्षं स्टुडिओत काढली त्यामुळे सवयीनं आधी मागची बाजू विचारतो, पुढची नाही. लोक लेन्स बसवण्यात महिना घालवतात आणि ग्राउंड ग्लासकडे (फोकस बघायची मागची घासलेली काच) ढुंकून बघत नाहीत. तुमची काच कुठली आहे? मूळची आहे का कुणी नंतर बसवली? खरखरीत बाजू लेन्सकडे आहे का फोटोग्राफरकडे?

उद्यमनगरी | सोमवार, दुपारी १:२०

काम होतंय भावा, त्यात काय. आपल्याच गावात १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, आणि आपण एक फ्लॅन्ज फिरवायची म्हटल्यावर धागे काढत बसायचं व्हय.

मी उद्यमनगरात लेथवर असतो. दोन रस्ते आहेत. एक, लेन्सला मागं जे आटे आहेत तसेच आतले आटे पाडून फ्लॅन्ज (धातूची कडी) करायची आणि ती बोर्डला चार स्क्रूनं मारायची. दुसरा, आट्यांच्या भानगडीत न पडता बॅरलवर बसंल अशी रिंग, एका जागी चीर, आडवा बोल्ट, आवळली की बसली. दुसरा रस्ता स्वस्त आणि एका दुपारचा. पण पेंटॅक पितळी आहे का अॅल्युमिनियमची ते सांग, कारण पातळ बॅरलवर क्लॅम्प आवळला तर आतली काच धरती आणि डायफ्रॅम (भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्या) जाम होतंय.

आटे पाडायचे तर आधी पिच गेज (इंचाला किती आटे ते बघायची पानं) लाव. जुनं इंग्लिश काम आहे म्हणजे इंची आटे, त्यात व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, आपल्याकडं सगळी टूल ६० अंशाची घासलेली, तसं टूल घातलं तर दोन फेऱ्यात घट्ट होऊन बसंल आणि पोरगं जोर लावंल. माझ्या जुन्या लेथला लीडस्क्रू इंची आहे, इंचाला ४ आटे. समजा तुझं २४ निघालं तर १ ला ६ गिअर, म्हणजे २० आणि १२० दाती चाक लावलं की जमलं. मिलिमीटरवाल्या लेथला १२७ दाती चाक लागतंय, ते सगळ्यांकडं नसतंय, म्हणून कुणाकडंही जाऊ नको. पॅनेलचं माप, भोकाचं माप, आणि बॅरलचं माप व्हर्नियरनं घेऊन टाक इथं.

आणि एक. लेन्स घेऊन लेथजवळ यायचं न्हाई. उडालेला कीस आत गेला की डायफ्रॅमच्या पात्या खरवडतोय. आधी आपण लोखंडाचा डमी करू, लेन्स डब्यात.

बंगळूरवासी_करवीरकर | सोमवार, दुपारी ३:४४

इथे ऑफिसात बसून हा धागा वाचायलोय आणि डोळ्यासमोर उद्यमनगर आलं राव, तो कटिंग ऑइलचा वास. चालू द्या.

एक बाळबोध प्रश्न. एफ/२.९ म्हणजे एवढी फास्ट लेन्स, तालमीत अंधार असतो, मग शटर नसलं तर फरक काय पडतो? अंधारात फोटो काढायलाच फास्ट लेन्स घेतात ना.

चष्मिस्ट | सोमवार, सायंकाळी ७:१५

इथेच सगळे फसतात. लहान कॅमेऱ्यावर फास्ट लेन्स म्हणजे अंधारातली मदत. इथे उलटं आहे, शटर नसेल तर उजेड *जास्त* होतो ही अडचण.

हिशोब बघा. उघड्यावर सावलीत, आयएसओ १०० धरलं आणि एफ/२.९ ठेवलं तर एक्स्पोजर येतं १/५०० च्या आसपास. भर उन्हात १/४००० च्या जवळ. हाताने लेन्सची टोपी काढून घालायला माणसाला निदान अर्धा सेकंद तरी पाहिजे. म्हणजे दिवसा बाहेर ही लेन्स फुल्ल ओपनवर वापरताच येत नाही, एकतर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा किंवा अतिशय मंद फिल्म घाला. लेन्स बंद करून एफ/११ ला न्यायची तर मग पेंटॅक कशाला, कुठलीही जुनी लेन्स चालेल.

मग ही लेन्स घ्यायची कशासाठी तर फक्त त्या पातळ फोकससाठी. २०३ एमएमला २.९ ने भागा, ७० एमएमचं भोक आहे. हाफ प्लेटवर हे ३५ एमएम कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण ४३ एमएम एफ/०.६ सारखं दिसेल. अशी लेन्स बाजारात नाही. दीड मीटरवर माणूस बसवला तर फोकसची जाडी सगळी मिळून पावणेतीन सेंटीमीटर. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत तेवढं अंतर असतं, म्हणजे डोळ्यावर धरलं की नाक फोकसच्या बाहेर जातं.

लालमाती | सोमवार, रात्री ९:५८

सगळ्यांना धन्यवाद, एवढी माहिती येईल असं वाटलं नव्हतं.

काका, तुम्ही विचारलं म्हणून मागची काच काढून बघितली. मूळची नाही. कुणीतरी बाथरूमच्या खिडकीची घासलेली काच कापून बसवलीय, जाडजूड, आणि खरखरीत बाजू बाहेर म्हणजे माझ्याकडं. बाल्सम मात्र ठीक आहे, वरच्या कडेला नखाएवढा एक रंगीत डाग, बाकी स्वच्छ.

उद्यमनगरी, लेन्स पितळी आहे. मागं आटे आहेत, गेज लावून बघितलं तर २४ चं पान बसतंय, पण एका बाजूला दोन आटे पार झिजलेत.

चष्मिस्टसाहेब, ते कोपऱ्यांचं पटलं पण ४ बाय ५ चं बॅक करायचं म्हणजे अजून एक सुतारकाम. हाफ प्लेटच वापरायचा विचार आहे, कोपरे गेले तर गेले.

अर्धी_प्लेट | मंगळवार, सकाळी ७:०५

कोपरे जाणार नाहीत. चष्मिस्टचं गणित लांबच्या फोकसचं आहे. विमानातून जमीन कायम अनंतावर. तुम्ही पैलवान दीड मीटरवर बसवणार, तेव्हा बेलोज पुढे येतात, लेन्सपासून फिल्म २०३ ऐवजी २३५ एमएमवर जाते, आणि प्रतिमेचं वर्तुळ त्याच प्रमाणात मोठं होतं. १८० ला १.१६ ने गुणा. २०८ च्या आसपास आलं. हाफ प्लेटला २०४ लागतात. बसलं. दोन मीटरवर गेलात तर २०० येईल, कोपऱ्यात किंचित सावली, ती पोर्ट्रेटला उलट चांगलीच दिसते.

त्याची किंमत म्हणून उजेड कमी होतो, दीड मीटरवर जवळजवळ अर्धा स्टॉप. लाइट मीटर जे सांगेल त्याच्यावर १.३ पट जास्त द्या.

आता काच. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे म्हणून लांबण लावतो. खरखरीत बाजू लेन्सकडेच पाहिजे, कारण प्रतिमा तिथे पडते. तुमची २ एमएमची काच उलटी असेल तर फोकस सव्वा मिलिमीटरच्या आसपास चुकतो. एफ/८ ची जुनी लेन्स असताना त्या स्टुडिओवाल्याला ते कळलंच नसणार, तिथे तेवढं खपून जातं. एफ/२.९ ला मागच्या बाजूला तुम्हाला पुढे-मागे जेमतेम ०.३ एमएमची सूट आहे. म्हणजे चौपट चूक आधीच काचेत बसलेली, आणि तुम्ही दोष लेन्सला देणार.

दुसरं, हे होल्डर काचेच्या प्लेटसाठी आहेत. फिल्म नुसती घातली तर पोटात झोल येतो आणि पुढे-मागे हलते. तिला मागे पत्र्याची शीथ लागते. शीथ नसतील तर जाड काळा कार्ड किंवा पातळ काच मागे घालून प्लेटएवढी जाडी करा. मग डेप्थ गेज घ्या, नसेल तर व्हर्नियरच्या शेपटीने पण होतं. होल्डरच्या तोंडापासून फिल्मच्या तोंडापर्यंत मोजा, चार कोपरे आणि मध्य. मग बॅकच्या त्याच कडेपासून ग्राउंड ग्लासच्या खरखरीत बाजूपर्यंत मोजा. दोन्ही आकडे एक आले पाहिजेत. तीनही होल्डर मोजा आणि वेगळा निघेल तो बाजूला काढा, लाकूड आहे, सत्तर-ऐंशी पावसाळे पाहिलेत त्याने.

नवीन ग्राउंड ग्लास घरी होते. साधी २ एमएम काच दुसऱ्या काचेवर घासायची, मध्ये सिलिकॉन कार्बाइडची ४०० ची पावडर आणि पाणी, शेवटी ६०० ची. अर्धा तास हात गोल फिरवत राहायचं.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी १२:३०

काका म्हणजे विषय हार्ड 🙏

दोन आटे झिजलेत तर मी फ्लॅन्जला लांबी जास्त ठेवतो, सात-आठ आटे धरतील अशी. नाहीतर एवढं वजन झिजक्या आट्यावर लोंबकळणार. फ्लॅन्ज अॅल्युमिनियमची, पाठीमागं खांदा ठेवतो जो बोर्डच्या भोकात बसंल म्हणजे सेंटर चुकणार न्हाई. आणि बोर्ड जुना सागवानी ठेवू नको, ८ एमएमचा नवीन प्लाय घे, मरीन.

वजनाचं बोल. पुढचं स्टँडर्ड (बोर्ड धरणारी चौकट) या लेन्सनं पुढं झुकणार. झुकलं की फोटो खालून शार्प आणि वरनं मऊ.

चष्मिस्ट | मंगळवार, दुपारी २:०२

बरोबर. बोर्ड फक्त १ अंश तिरका झाला तर १२० एमएमच्या उंचीत वर आणि खाली मिळून २ एमएमचा फरक. सूट किती, ०.३. म्हणजे डोळ्याला न दिसणारा झुकाव पण निगेटिव्हवर दिसेल. कोपऱ्यांबद्दल काकांचं मान्य, मी अनंतावरच अडकलो होतो.

क्ष_किरण | मंगळवार, रात्री ८:४०

मी सीपीआर हॉस्पिटलच्या बाजूच्या एका एक्स-रे सेंटरला टेक्निशियन आहे, फोटोग्राफीचा छंद. फिल्मचं मी सांगते.

मेडिकल एक्स-रे फिल्म घे दादा. आता बरीचशी सेंटर डिजिटल झाली तरी सर्जिकल दुकानात फिल्म मिळते. ग्रीन सेन्सिटिव्ह माग, ८ बाय १० इंच. एका शीटमधून हाफ प्लेटचे बरोब्बर दोन तुकडे निघतात आणि वर दीड इंचाची एक पट्टी उरते ती टेस्टला. लाल सेफलाइटमध्ये कापता येते, डोळ्याने बघत डेव्हलप करता येते, हा सगळ्यात मोठा फायदा. स्पीड ८० ते १०० धर.

तोटे पण ऐक. दोन्ही बाजूला इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं, ट्रेच्या तळाला घासलं की ओरखडे. ट्रेमध्ये काचेचा तुकडा टाक आणि एका वेळी एकच शीट, हातमोजे घालून. अँटी-हॅलेशन थर नसतो त्यामुळे खिडकी फ्रेममध्ये आली की तिच्याभोवती धूर पसरल्यासारखं दिसतं. एकाच बाजूला इमल्शन पाहिजे तर मॅमोग्राफीची फिल्म असते, तिला पाठीमागे थर पण असतो, पण महाग आणि कॉन्ट्रास्ट जास्त. सेंटरमधलं डेव्हलपर वापरू नको, ते हाडं दिसायला बनवलंय, माणूस कोळसा होतो. रोडिनल डेव्हलपर १ ला १०० पातळ कर, सावकाश हलव.

आणि पैलवान म्हणालास म्हणून मुद्दाम. ही फिल्म लाल रंग बघतच नाही. आखाड्याची तांबडी माती, त्यात हळद आणि तेल, अंगाला लागलेली, सगळं काळंकुट्ट येणार. घामाची चकाकी तेवढी पांढरी. मला ते भारी वाटतं पण पैलवानाच्या आईला आवडेल का ते तू बघ.

वात्रट_पेठकर | मंगळवार, रात्री ८:५५

पैलवानाच्या आईला फोटोतला पोरगा वाळलेला दिसला तर आवडणार नाही, काळा चालतंय.

बंगळूरवासी_करवीरकर | मंगळवार, रात्री ९:३०

ताई जबरदस्त. मग शटरचं काय ठरलं? आणि अजून एक, गावातली जुनी थिएटरं बंद पडली त्यांच्या प्रोजेक्टरच्या लेन्स भंगारात मिळतात, त्या पण फास्ट असतात की. त्या चालणार नाहीत का?

अर्धी_प्लेट | बुधवार, सकाळी ६:४५

प्रोजेक्टरची लेन्स ३५ एमएम फिल्मची चौकट टाकायला बनवलेली. एवढ्या मोठ्या फिल्मवर मध्ये एक गोल येईल, बाकी काळं. डायफ्रॅमही नसतं. फुलांचे क्लोज-अप काढायला गंमत म्हणून ठीक.

शटर. लालमाती, तुमच्या स्टुडिओवाल्यांना विचारा की माळ्यावर लाकडी चौकोनी डबी दिसते का, बाजूला पितळी चावी, एक दोरी आणि रबरी फुगा. थॉर्नटन-पिकार्डचं रोलर ब्लाइंड शटर. आमच्या वेळी प्रत्येक जुन्या इंग्लिश कॅमेऱ्याबरोबर एक असायचंच. आत काळ्या कापडाची गुंडाळी, तिला खिडकी कापलेली, स्प्रिंगने एका झटक्यात खाली उतरते. १/१५ ते १/९० असे वेग लिहिलेले असतात, आज त्यातले खरे किती उरलेत ते ज्याच्या-त्याच्या स्प्रिंगवर. लेन्सच्या पुढे टोपीसारखं बसतं. पण तोंड तीन इंची असलेलंच पाहिजे, तुमची पुढची काच ७० एमएमच्या वर आहे. कापडाला भोकं आहेत का उजेडाकडे धरून बघा, असतील तर काळा फॅब्रिक पेंट.

ते नाही मिळालं तर पेपर निगेटिव्ह, म्हणजे फिल्मऐवजी फोटोचा कागदच होल्डरमध्ये. ब्रोमाइड पेपर, स्पीड ६ धरा. चष्मिस्टने सांगितलेली सावलीतली १/५०० इथे १/३० होते. आणि तालमीत दाराच्या उजेडात, जिथे मीटर १०० ला १/१५ सांगतो, तिथे पेपरला एक सेकंद, बेलोजचा धरून सव्वा ते दीड. म्हणजे हातात टोपी, "एक हजार एक" म्हणायचं, झाकायचं. आमच्या आधीच्या पिढीने सगळे राजेरजवाडे असेच काढले. मल्टिग्रेड पेपर असेल तर पिवळा फिल्टर लावा, कॉन्ट्रास्ट आटोक्यात राहतो.

चष्मिस्ट | बुधवार, सकाळी १०:२०

दीड सेकंद आणि पावणेतीन सेंटीमीटर. नुकताच जोर काढून आलेला पैलवान श्वास घेताना छातीच तेवढी हलवेल.

अर्धी_प्लेट | बुधवार, सकाळी ११:००

म्हणून जोर काढायच्या आधी फोटो. आणि पाठ भिंतीला किंवा खांबाला. अजून एक साधी युक्ती, लेन्सबोर्डला दोरा बांधायचा, त्याच्या टोकाला गाठ. फोकस करताना गाठ डोळ्याच्या कडेला गालाच्या हाडावर टेकवायची आणि दोरा ताठ ठेवायचा. मग काच बंद, होल्डर आत, त्याची स्लाइड (झाकण) वर, आणि शेवटच्या क्षणी गाठ परत गालावर टेकवून बघायची. ताठ आहे, जागेवर आहे, दोरा सोड आणि घे फोटो. या सगळ्यात माणूस इंचभर पुढे येतोच, दोऱ्याशिवाय ते कळत नाही.

लालमाती | शनिवार, रात्री ११:१५

अपडेट.

उद्यमनगरीकडे गेलो होतो. माणूस काय आहे राव. तीन इंची राऊंड बार पुरला नाही म्हणून भंगारातनं मोठा तुकडा शोधला, फेसिंग मारलं, बोअर काढला, आणि आट्यांचं टूल माझ्यासमोर ५५ च्या गेजला लावून उजेडाकडं धरून घासलं, फट दिसेनाशी होईपर्यंत परत परत. शेवटच्या फेऱ्यांना मशीन बंद, चक हातानं फिरवत. डमी आधी बसवला. मग हात धुऊन, कापड अंथरून, लेन्स डब्यातनं काढली. पहिले दोन आटे खरखर, नंतर लोण्यात गेल्यासारखी शेवटपर्यंत आत, खांद्याला टेकली. लेन्स हलवून बघितली, जरा पण खुळखुळ नाही. आतनं मॅट काळा मारायचा होता तो घरी मारला.

झुकण्यावर उपाय त्यानंच काढला, लेन्सच्या खाली कॅमेऱ्याच्या बेडवर एक लाकडी ठोकळा, त्याला व्ही आकाराची खाच आणि आत नमदा. फोकस केल्यावर ठोकळा खाली सरकवायचा, लेन्स त्याच्यावर टेकते. वर-खाली, डाव्या-उजव्या बाजूनं बोर्डापासून बॅकपर्यंत स्टीलपट्टीनं मोजलं, सारखं येतंय.

काच नवीन घासली. होल्डर मोजले तर दोन सारखे आणि तिसरा अर्ध्या एमएमच्या वर आत, तो बाद.

शटरची डबी माळ्यावर मिळाली!! पण तोंड दोन इंची. त्यामुळं पेपर आणि टोपी.

आज गंगावेशीकडच्या ओळखीच्या तालमीत गेलो. दारातनं तिरका उजेड, पाठ खांबाला, दोरा गालावर. पोरं हसायला लागली, म्हणाली वस्ताद माप घ्यायला शिंपी आलाय. पेपर निगेटिव्ह घरी ट्रेमध्ये टाकला. डावा डोळा, भुवईचा एकेक केस, गालावर चिकटलेल्या मातीचे कण मोजता येतील असे. उजवा डोळा मऊ. कान? कानच नाहीत, नुसता फुटलेल्या कानाचा एक गोळा धूसर. माती काळी, ताई म्हणाली तसं. घामाच्या थेंबांच्या कडेला पांढरी झाक आहे, ती लेन्सची का पेपरची?

क्ष_किरण | शनिवार, रात्री ११:४०

फोटो टाक आधी!! वर्णन काय करतोयस.

माझ्याकडे ग्रीन फिल्मच्या उघडलेल्या पाकिटात शीट शिल्लक आहेत, सेंटरच्या नव्हेत, स्वतःच्या. कापून ठेवते. मीटरनं १/१५ सांगितलं तर फिल्मला १/८ च्या आसपास लागेल, ते टोपीनं जमणार नाही, म्हणजे तुला दार अर्धं लावून उजेड कमी करावा लागेल किंवा एनडी.

अर्धी_प्लेट | रविवार, सकाळी ७:१०

अभिनंदन. दोन्ही डोळे पाहिजेत तर चेहरा समोर ठेवा, तिरका नको. नाहीतर एफ/४ ला या, थोडी सूट मिळेल, आणि ही लेन्स तिथे चांगली कडकही होते.

पांढरी झाक लेन्सची. कोटिंग नाही, हवेला लागलेले सहा पृष्ठभाग, प्रत्येकी चार टक्के उजेड परत फिरतो. म्हणजे शंभरातला वीस-बावीस टक्के उजेड फिल्मवर नीट पोचतच नाही, काही आत भटकतो. दार बाजूला असताना हूड पाहिजेच. लांब हूड. आणि पावसाळ्यात ही लेन्स कपाटात ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, बाल्सम आणि बुरशी दोन्हीला आपली हवा फार आवडते.

लालमाती | रविवार, सकाळी ९:३०

फोटो संध्याकाळी टाकतो, पेपर उलटा करून कॉन्टॅक्ट काढायचाय अजून. उद्यमनगरी, हूड फिरवून देशील का लेथवर?

उद्यमनगरी | रविवार, दुपारी १२:५०

हूडला लेथ कशाला खराब करायचा. प्लंबिंगच्या दुकानात ११० एमएमचा पीव्हीसी पाइप, चार बोटं लांब तुकडा, आतनं काळी मखमल चिकटव, लेन्सच्या तोंडाला बसायला नमद्याची पट्टी दोन फेरे. तुकडा सरळ कापून पाहिजे तर घेऊन ये, सोमवार सोडून, सोमवारी माझं बंद असतंय. आणि त्या दोन इंची शटरच्या डबीचं तोंड बघतो मोठं होतंय काय, लाकूड कडेला किती उरतंय त्याच्यावर आहे, येताना ती पण आण.